फॉर्म गेला की संस्कार कमी पडले?

जानेवारी 2025 च्या शेवटच्या आठवड्यात दिल्लीत एका रणजी सामन्यासाठी पहाटेपासून रांगा लागल्या होत्या. फिरोजशाह कोटला मैदानावर, ज्याला आता अरुण जेटली स्टेडियम म्हणतात, दिल्ली विरुद्ध रेल्वे असा साखळी सामना होता. एरवी अशा सामन्याला खेळाडूंचे नातेवाईक आणि दोनचार पेन्शनर येतात. पण विराट कोहली 2012 नंतर पहिल्यांदा रणजी खेळणार होता. आधार कार्ड दाखवा आणि फुकट आत जा, अशी सोय होती. गेटवर चेंगराचेंगरी होता होता राहिली. पहिल्या दिवशी दिल्लीने गोलंदाजी केली, म्हणजे लोकांनी दिवसभर कोहलीला फक्त क्षेत्ररक्षण करताना पाहिलं, आणि तरी ते बसून राहिले. दुसऱ्या दिवशी तो फलंदाजीला आला, 15 चेंडू खेळला, 6 धावा केल्या आणि रेल्वेच्या हिमांशू सांगवानने त्याचा ऑफ स्टंप उडवला. थोड्याच वेळात स्टँड रिकामे झाले. दिल्लीने सामना डावाने जिंकला; तो पाहायला फारसं कोणी उरलं नव्हतं.

नंतर सांगवानने एका मुलाखतीत एक गंमत सांगितली. संघाच्या बसचा ड्रायव्हरही त्याला म्हणाला होता, कोहलीला चौथ्या-पाचव्या स्टंपच्या लाईनवर टाक, तो बाद होईल. मला हा ड्रायव्हर फार आवडला. त्याच्या एका वाक्यात खेळाची समज आहे आणि ज्याच्याबद्दल बोलतोय त्याचा अपमान अजिबात नाही. आधीच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पाच कसोटींत कोहली आठ वेळा बाद झाला, आणि आठही वेळा झेल यष्टिरक्षकाकडे किंवा स्लिपच्या घोळक्यात गेला. ड्रायव्हरने तेवढंच पाहिलं होतं.

त्या दिवसांत दिल्ली-नोएडा-गुरगावच्या ऑफिसांत, मेट्रोत, चहाच्या टपरीवर एकच वाद चालू होता. कोहलीवर टीका करावी की नाही? एक बाजू म्हणायची, एवढं दिलंय त्याने, आता गप्प बसा. दुसरी म्हणायची, संघ कोणाच्या वडिलांचा नाही. मी दुसऱ्या बाजूचा. स्टार खेळाडूवर टीका झालीच पाहिजे. जो माणूस आपल्या नावावर जाहिरातींचे करोडो घेतो, ज्याच्या एका जागेसाठी दहा पोरं देशांतर्गत क्रिकेटमध्ये घाम गाळत असतात, त्याच्या अपयशाबद्दल बोलणं हा चाहत्याचा हक्क आहे. माझा प्रश्न पुढचा आहे. हा हक्क आपण सगळ्यांवर सारखा वापरतो का?

आकडे बघा. 2019 च्या अखेरीस कोहलीची कसोटी सरासरी 54.97 होती. त्यानंतर मे 2025 मध्ये निवृत्त होईपर्यंत तो आणखी 39 कसोटी खेळला. त्यांत त्याची सरासरी 30.72 आणि शतकं फक्त तीन. हे कोहलीला हिणवायला सांगत नाही. मोठ्या खेळाडूला वेळ द्यावा लागतो, आणि पर्थच्या शतकाने ते पटतंही. मुद्दा असा की त्याला वेळ दिला गेला. पाच वर्षं दिला गेला.

आता त्याच कोटला मैदानावर मार्च 1993 मध्ये जाऊ. झिम्बाब्वेविरुद्ध 21 वर्षांचा एक डावखुरा पोरगा 227 धावा काढतो. महिनाभरापूर्वीच वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध त्याने 224 केलेले असतात. लागोपाठच्या दोन कसोटींत दोन द्विशतकं. पहिल्या सात कसोटींत 793 धावा, सरासरी 113. हजार धावा अवघ्या 14 डावांत, आजही भारतीयांमध्ये सर्वात वेगवान. विनोद कांबळी. नोव्हेंबर 1995 मध्ये कटकला न्यूझीलंडविरुद्ध तो शेवटची कसोटी खेळला तेव्हा त्याचं वय 23 होतं. एकूण 17 कसोटी, 1084 धावा, सरासरी 54.20.

दोन्ही सरासऱ्या जवळपास सारख्याच. एकाला त्या आकड्यानंतर 39 कसोटी मिळाल्या, म्हणजे दुसऱ्याच्या अख्ख्या कारकिर्दीच्या दुपटीहून जास्त. दुसऱ्याला एकही नाही.

लगेच कोणी म्हणेल, अर्धंच सांगताय. बरोबर आहे, पूर्ण सांगतो. कांबळीच्या शेवटच्या दहा कसोटींत फक्त 291 धावा आहेत. 1994 च्या वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेत आखूड टप्प्याच्या चेंडूंपुढे तो उघडा पडला. वनडेत त्याला 2000 पर्यंत पुन्हा पुन्हा बोलावलं गेलं, तिथेही सातत्य दिसलं नाही. मैदानाबाहेरच्या त्याच्या वागण्याच्या गोष्टी सगळ्या खोट्या नाहीत. त्याला जातीमुळे वगळलं असा दावाही मी इथे करत नाही. तरीही दहा वाईट कसोटींनंतर 23 व्या वर्षी कसोटीचं दार बंद झालं ते पुन्हा कधी उघडलंच नाही, ही वस्तुस्थिती आहे. आणि त्याहून जास्त मला अस्वस्थ करतात ते त्याच्यासाठी वापरले गेलेले शब्द.

मराठी चाहत्याची भाषा नीट ऐका. एखादा मोठ्या घरचा, नीट इंग्रजी बोलणारा खेळाडू अपयशी ठरला की आपण म्हणतो, फॉर्म गेलाय, बॅड पॅच आहे, लय सापडत नाही, थकलाय बिचारा. फॉर्म ही बाहेरची गोष्ट असते. हवामानासारखी. येते, जाते, पुन्हा येईल. कांबळीबद्दल मात्र तीस वर्षं काय ऐकतोय? यश पचलं नाही. हवा डोक्यात गेली. झेपलं नाही. आणि सगळ्यांत शेवटी, आवाज खाली आणून, जणू काही निदान करतोय अशा थाटात: संस्कार कमी पडले.

संस्कार हा शब्द महाराष्ट्रात कधीच साधा नव्हता. तो कोणाच्या घरात असतो आणि कोणाच्या घरात नसतो हे आधीच ठरलेलं असतं. ‘पचलं नाही’ या शब्दामागेही तेच आहे: सवय नसलेल्या पोटात गोडधोड पडलं आणि मग व्हायचं तेच झालं. कांजूरमार्गच्या चाळीत राहणारा, मेकॅनिक बापाचा पोरगा लोकलने शिवाजी पार्क गाठायचा. त्याच्यावरची टीका त्याच्या पुल शॉटपाशी थांबली नाही, ती त्याच्या घरात शिरली. फॉर्म गेलेल्याला वाट बघायला सांगतात. संस्कार कमी पडलेल्याला कशासाठी वाट बघायला सांगणार?

3 डिसेंबर 2024 ला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांच्या स्मारकाचं अनावरण झालं. व्यासपीठावर बसलेला, थकलेला, सचिनचा हात घट्ट धरून ठेवणारा कांबळी सगळ्या देशाने मोबाईलवर पाहिला. काही दिवसांत तो रुग्णालयात दाखल झाला. व्हिडिओखालच्या प्रतिक्रियांत हळहळ होती, पण ‘करावं तसं भरावं’ म्हणणारेही थोडे नव्हते. 1988 मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमासाठी दोघांनी 664 धावांची भागीदारी केली, त्यात कांबळीच्या 349 होत्या आणि सचिनच्या 326, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. ती सांगितली जाते ती मात्र ससा-कासवाच्या गोष्टीसारखी, बोधकथा म्हणून. 2022 मध्ये तो स्वतः पत्रकारांना म्हणाला होता की बीसीसीआयच्या महिना 30 हजार रुपयांच्या पेन्शनवर घर चालतं, मला काम द्या. बोधकथेतल्या पात्राला काम लागतं हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

हे झालं सौम्य रूप, जिथे जात उच्चारावी लागत नाही, शब्दच ते काम करतात. उघड रूप पाहायला दिल्लीहून हरिद्वारच्या रस्त्याला लागलं की पुरे.

ऑगस्ट 2021, टोकियो ऑलिम्पिक. भारतीय महिला हॉकी संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचला होता. तिथवर पोहोचण्यात रोशनाबादच्या वंदना कटारियाचा मोठा वाटा. 31 जुलैला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ‘जिंका नाहीतर घरी जा’ अशा सामन्यात तिने तीन गोल केले. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी मे महिन्यात तिचे वडील गेले होते. 4 ऑगस्टला भारत अर्जेंटिनाकडून 1-2 असा हरला. अर्जेंटिनाचे दोन्ही गोल पेनल्टी कॉर्नरवर झाले. चाहत्याला टीकाच करायची होती तर विषय समोर होता: आपला पेनल्टी कॉर्नरचा बचाव कुठे चुकला, आघाडी घेतल्यावर संघ मागे का सरकला. हॉकीच्या माणसांनी यावर खुशाल रात्र जागवावी.

रोशनाबादमध्ये त्या संध्याकाळी वंदनाच्या घरासमोर फटाके फुटले. लोक नाचले. कुटुंबाच्या तक्रारीनुसार, सवर्ण तरुण ओरडत होते की संघात दलित फार झालेत म्हणून हरलो, प्रत्येक खेळातून दलितांना बाहेर काढलं पाहिजे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला, अटक झाली. दोन दिवसांनी, 6 ऑगस्टला, ग्रेट ब्रिटनविरुद्धच्या कांस्यपदकाच्या सामन्यात वंदनाने पुन्हा गोल केला. भारत 3-4 हरला.

पुन्हा एकदा लक्षात घ्या, फटाके कधी फुटले. देश हरला तेव्हा. स्वतःला देशभक्त म्हणवणाऱ्यांना देशाच्या पराभवाचा आनंद झाला, कारण त्या पराभवाने त्यांचं एक जुनं प्रमेय सिद्ध होत होतं. तीन गोल झाले तेव्हा ती ‘भारताची बेटी’ होती. एक सामना गेला आणि ती पुन्हा वस्तीतली झाली. सवर्ण खेळाडू हरतो तेव्हा एकटा हरतो. वंदना हरली तेव्हा तिच्याबरोबर अख्ख्या जातीला हरवण्यात आलं.

‘दलित फार झालेत’ हे वाक्य हरिद्वारच्या चार टवाळांचं नाही. दिल्लीला ते चांगलं ओळखीचं आहे, फक्त इथे ते शुद्ध इंग्रजीत बोललं जातं. 2006 मध्ये ओबीसी आरक्षणाविरुद्ध एम्सच्या आवारात जे आंदोलन झालं, त्याचा आशय दुसरा काय होता? ते आले की दर्जा घसरतो. त्यानंतर सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 2007 च्या अहवालात एम्समधला जातिभेद नोंदवला. वर्गात, वसतिगृहात, मेसमध्ये आणि खेळाच्या मैदानावरही दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना वेगळं पाडलं जात होतं. उद्याचे डॉक्टर संध्याकाळी ज्या मैदानावर खेळतात तिथे जात असेल, तर स्टँडमध्ये ती कशी नसेल? खेळात आरक्षण नाही, तिथे निव्वळ गुणवत्ता चालते, असं आमच्या नोएडाच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये दर क्रिकेट मालिकेला एकदा तरी ऐकवलं जातं. मी आता वंदनाचं नाव घेतो. बहुतेकांना ते आठवत नाही.

धर्माचंही हेच. ऑक्टोबर 2021 मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकात पाकिस्तानकडून हरल्यावर अकरा जणांमधून मोहम्मद शमी तेवढा निवडला गेला. इथे कोहलीला त्याचं श्रेय दिलं पाहिजे. कर्णधार म्हणून पत्रकारांसमोर बसून त्याने धर्मावरून हल्ला करणाऱ्यांची स्पष्ट शब्दांत लाज काढली. त्यानंतर त्याच्या वर्षही न झालेल्या मुलीला बलात्काराच्या धमक्या आल्या, दिल्ली महिला आयोगाने दिल्ली पोलिसांना नोटीस काढली, आणि मुंबई पोलिसांनी हैदराबादच्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरला अटक केली. शिकलेला, नोकरीवाला तरुण. म्हणजे स्टार असूनही कवच तोवरच असतं, जोवर तुम्ही चुकीच्या माणसाची बाजू घेत नाही.

हे फक्त आपल्याकडचं आहे असं नाही. बास्केटबॉलमध्ये बिल रसेलने बोस्टन सेल्टिक्सला 13 हंगामांत 11 वेळा विजेतेपद मिळवून दिलं. त्याच काळात बोस्टनजवळच्या त्याच्या घरात लोक घुसले, भिंतींवर वर्णद्वेषी शब्द लिहिले, बिछान्यात विष्ठा टाकली. 1972 मध्ये त्याच्या जर्सीचा क्रमांक सन्मानाने निवृत्त करायचं ठरलं, तेव्हा त्याने तो कार्यक्रम प्रेक्षकांसमोर होऊ दिला नाही. चाहत्यांनी दिलेल्या टाळ्या नाकारण्याची ती ताकद. आपल्या खेळाडूंना तेवढी सवलत कधी मिळालेली नाही.

मग आपल्या माणसांवर टीकाच करायची नाही का? असा सूर आपल्याकडेही लागतो आणि तो मला पटत नाही. पळवणकर बाळूचं उदाहरण घ्या. चांभार समाजातला हा डावखुरा फिरकीपटू. पुण्याच्या जिमखान्यात त्याला चहा बाहेर, मातीच्या भांड्यात दिला जायचा. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून जास्त बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. 1920 मध्ये त्याच्या भावांनी निषेध म्हणून संघ सोडला, तेव्हा कुठे उपकर्णधारपद पदरात पडलं, आणि 1923 ला धाकटा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला. हाच बाळू पुढे पुणे कराराच्या काळात बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला उभा राहिला आणि 1937 ला काँग्रेसच्या तिकिटावर त्यांच्याविरुद्ध निवडणूक लढून हरला. त्याच्यावर आंबेडकरी समाजाने टीका केली. रास्त होती ती. त्याच्या राजकारणावरची होती, आणि त्या टीकेने त्याचे शंभर बळी पुसले गेले नाहीत.

उलट ज्या टीकेला खरोखर आधार असतो ती मात्र चाहते होऊ देत नाहीत. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये रोहित शर्माबरोबरच्या इन्स्टाग्राम लाईव्हमध्ये युवराज सिंगने युजवेंद्र चहलची टिंगल करताना एका सफाई कामगार जातीचं नाव शिवी म्हणून वापरलं. हरियाणातल्या हांसीमध्ये तक्रार झाली. युवराजने दिलगिरी व्यक्त केली, पुढे गुन्हा नोंदला गेला, ऑक्टोबर 2021 मध्ये औपचारिक अटक होऊन जामिनावर सुटकाही झाली. या काळात चाहते काय म्हणत होते? दोस्तांमधली मस्करी आहे. तो कॅन्सरशी लढलाय. सहा चेंडूंत सहा षटकार विसरलात का? नाही, विसरलो नाही. 2007 ची ती रात्र आम्हीही नाचून काढली होती. पण सहा षटकारांचा आणि या शब्दाचा संबंध काय? दिल्लीच्या गटारांत उतरून माणसं मरतात, ती कोणत्या जातीची असतात हे षटकार मोजणाऱ्यांना माहीत असतं. त्या जातीचं नाव शिवी म्हणून वापरणं ही कृती आहे, आणि कृतीवर टीका होते. इथे कोणीही म्हणालं नाही की युवराजवर संस्कार कमी पडले.

कोहलीच्या ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूवर पोटभर बोला. रोहितच्या, पंतच्या, उद्या येणाऱ्या कोणाच्याही. फक्त तेच वाक्य उच्चारण्याआधी खेळाडूचं नाव बदलून बघा. कोहलीच्या जागी कांबळी ठेवा, शमी ठेवा, वंदना ठेवा. वाक्य तसंच्या तसं जिभेवर येतं, की मध्येच ‘फॉर्म’चा ‘संस्कार’ होतो? बसच्या ड्रायव्हरचं वाक्य कोणत्याही नावाला चाललं असतं.

वंदना कटारियाने 1 एप्रिल 2025 ला आंतरराष्ट्रीय हॉकीतून निवृत्ती घेतली. 320 सामने, 158 गोल. तोवर भारताकडून इतके सामने दुसरी कोणतीही महिला हॉकीपटू खेळलेली नव्हती. कोटलावर कोहलीसाठी गेट कमी पडले त्याच हिवाळ्यात उत्तराखंडात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा होत्या, आणि त्यातली हॉकी रोशनाबादला झाली, फटाके फुटले होते त्याच गावात. मैदानाचं नाव वंदना कटारिया स्टेडियम.